वजनावर डोस

अनिमेषने बायकोवर पहिल्यांदा हात टाकला तो पोह्यांवरून. पोह्यांवरून कुणी बायकोला मारतं का, असं तुम्ही म्हणाल. मारतात हो. मारणाऱ्याला निमित्त कसलंही पुरतं. पोहे जरा गार झाले होते, एवढंच. त्याने बशी भिंतीवर भिरकावली, आणि प्रणिता काचा गोळा करायला वाकली तशी तिच्या कमरेत लाथ घातली. ती स्टुलाच्या कडेवर कपाळ आपटून पडली. भुवई फुटली आणि रक्ताची धार लागली. तिच्या सासूबाई, म्हणजे सुमनबाई, गॅससमोर हातात कालथा धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून अक्षर फुटलं नाही.

त्या घाबरल्या म्हणून गप्प राहिल्या असं नाही. हे सगळं त्यांनी पूर्वी पाहिलं होतं, फक्त जमिनीवर पडून पाहिलं होतं. त्यांचे यजमान गुलाबराव विमा कंपनीत अधिकारी. बार्शीची माणसं, बदल्या होत होत जयपूरला आली, प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि इथलीच होऊन बसली. गुलाबराव बाहेर देवमाणूस आणि घरात हाताचे सैल. सुमनबाईंचा एक दात त्यांनी पाडला होता, तो दिवाळीच्या दिवशी. ते गेले तेव्हा सुमनबाई रीतीप्रमाणे रडल्या आणि मनात देवाला एवढंच म्हणाल्या, हे इथेच संपू दे, माझ्या पोरात उतरू देऊ नकोस. अनिमेष गोपालपुऱ्याच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचा. तुसडा होता, बायकोने काय नेसावं, कुणाशी फोनवर बोलावं यात नाक खुपसायचा, पण हात उचलत नव्हता. निदान सुमनबाईंच्या देखत तरी नाही. आणि आता सुनेचं रक्त पोह्यांवर सांडलं होतं.

प्रणिताची थोरली बहीण शर्वरी जयपूरच्याच लष्करी छावणीत राहायची. नवरा सुभेदार. ती दुपारीच येऊन थडकली, कपाटावरची बॅग तिने स्वतः खाली ओढली आणि बहिणीला म्हणाली, "भर सामान."

सुमनबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अगं, तू त्याला नीट बघितलंस का? कपडे कसे लोंबतायत अंगावर. हात सारखे थरथरतात. जानेवारीची थंडी आहे आणि हा पंखा लावून बसतो. हे काहीतरी दुखणं आहे बाई. माझा मुलगा असा नाही."

"सगळ्या आयांचे मुलगे असे नसतात, काकू," शर्वरी म्हणाली.

प्रणिताने भुवईवरचा कापूस दाबून धरला होता. तिने बॅग पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, "आधी तपासून तर घ्या त्यांना. मग ठरवू."

तपासलं. रक्त दिलं, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी सांगितलं, थायरॉइड. बाकीचं ते काय काय बोलले ते सुमनबाईंच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांना तिथेच डॉक्टरांच्या टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि ते आनंदाने. थायरॉइड! म्हणजे गुलाबराव नव्हे. रक्तातून आलेला स्वभाव नव्हे, साधा आजार. आजाराला गोळी असते. आणि थायरॉइडची गोळी तर त्यांच्या घरात डब्यात पडलेली होती, कारण या घरात दोघांना आधीच थायरॉइड होतं, एक सुमनबाईंना आणि दुसरं खंड्याला.

खंड्या म्हणजे त्यांचा लॅब्रडॉर कुत्रा. मागच्या साली तो नुसता फुगत चालला होता, शेपटीचे केस झडले होते, आणि इतका गरीब कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर जाऊ लागला होता. दूधवाल्या भैयाची पिंढरी त्याने फोडली. तेव्हा सुमनबाई त्याला जगतपुऱ्यात डॉक्टर मीनाक्षींकडे घेऊन गेल्या. मीनाक्षी मूळची अकोल्याची, त्यामुळे बोलायला बरं. तिने रक्त तपासलं, मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी बघितल्या, त्या ठीक निघाल्या, आणि दोष गळ्यातल्या ग्रंथीत सापडला. "गोळी माणसांचीच आहे काकू, मेडिकलमध्ये मिळेल," ती म्हणाली होती. "फक्त कुत्र्याला डोस खूप मोठा लागतो. वजनावर ठरतो." गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत खंड्या त्याच दूधवाल्याच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपू लागला. हा चमत्कार सुमनबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता.

आता अनिमेषला डॉक्टरांनी स्वतंत्र गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्याने ते पाकीट घरी आल्याबरोबर मोरीत फेकलं. "बायकांचे आजार मला चिकटवू नका," म्हणाला. "मला काहीही झालेलं नाही. मतलब तुम्ही दोघी मिळून मला वेडा ठरवणार?" आणि जाता जाता प्रणिताच्या केसांना असा हिसडा दिला की मूठभर केस त्याच्या बोटांत राहिले.

सुमनबाई त्या दिवशी मोरीसमोर पाट टाकून बसल्या आणि विचार करू लागल्या. त्यांच्या भिशीतल्या निम्म्या बायकांना थायरॉइड. सगळ्या सकाळी उपाशीपोटी तीच पांढरी गोळी घेतात. कुत्रा तीच घेतो. थायरॉइड म्हणजे थायरॉइड, त्यात आणखी डावं-उजवं काय असायचंय? त्यांची स्वतःची गोळी बारकी, ती काय पुरणार धडधाकट पुरुषाला. डोस वजनावर असतो हे तर डॉक्टरांच्याच तोंडचं वाक्य. आणि वजन बघितलं तर अनिमेष खंड्याच्या दुप्पट. झालं. दुसऱ्या सकाळपासून खंड्याच्या गोळ्या दोन चमच्यांत चुरडून त्या अनिमेषच्या लिंबू-मधाच्या कोमट पाण्यात जाऊ लागल्या. उपाशीपोटी, बरं का. नियम त्यांनी एकही मोडला नाही. गोळ्या लवकर संपायला लागल्या, आणि मेडिकलवाला जास्त मागितल्यावर चिठ्ठी विचारायचा, म्हणून खंड्याच्या वाट्याच्या हळूहळू कमी होत गेल्या. कुत्रा काय, थोडा सुस्तावेल. आधी घर सावरू दे, असं त्यांनी ठरवलं.

घर कसलं सावरतंय. अनिमेष पेटलाच. गोपालपुऱ्यात एका रिक्षाचा आरसा त्याच्या स्कूटरला घासला, तर त्याने रिक्षावाल्याला गळपट्टी धरून बाहेर ओढलं आणि हेल्मेटने त्याचं तोंड ठेचलं. माणसाचा ओठ फाटून लोंबला, रस्त्यावर दात पडले, कोचिंगची पोरं वरून गॅलरीतून बघत होती. संस्थेने त्याला काही दिवस घरी बसायला सांगितलं. मग काय, दिवसभर घरात. खुर्चीत बसला तरी गुडघा हलतोय, डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे, घामाने बनियन चिंब. भाजीत मीठ कमी, कानाखाली. फोन वाजला, कानाखाली. प्रणिताने एकदा आंघोळीला जरा वेळ लावला तर त्याने न्हाणीघराची कडी दारासकट उचकटली. तिच्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ असे उठायचे की एक निळा पडेपर्यंत दुसरा लाल व्हायचा.

आणि सुमनबाई? त्यांनी डोस वाढवला. गुण येत नाही म्हणजे कमी पडतोय, दुसरा अर्थ त्यांना सुचेच ना. रात्री सुनेच्या पाठीला हळद लावायच्या आणि सांगायच्या, "थोडी कळ काढ गं. खंड्यालाही गुण यायला वेळ लागला होता."  प्रणिताला या गोळ्यांचा पत्ताच नव्हता. तिला वाटायचं, सासूबाई धीर देतायत.

शेवटी तो दिवस उजाडला. भर दुपार. खंड्या वऱ्हांड्यात पसरला होता. पुन्हा फुगला होता, पुन्हा अंगाला थंडी भरायची, कुणी जवळून गेलं तरी गुरगुरायचा. अनिमेष फोनवर कुणाला तरी शिव्या घालत आला आणि त्याच्या पायाला अडखळला. त्याने वाकून बघितलंसुद्धा नाही, बुटाची टाच कुत्र्याच्या बरगड्यांत हाणली. खंड्याने एरवी शेपूट घातलं असतं. त्या दिवशी त्याने पोटरी धरली आणि सोडलीच नाही. पँट फाटली, मांस फाटलं, अनिमेष बोंब मारत खाली पडला आणि पडल्या पडल्या दाराला लावायची लोखंडी पहार त्याच्या हाताला लागली.

मग त्याने कुत्र्याला जो मारला तो सांगवत नाही. पहिल्या घावाला खंड्याने पोटरी सोडली होती. पुढचे सगळे घाव सुटल्यानंतरचे. पाठीवर, मागच्या पायावर, तोंडावर. कुत्रा केकाटायचा थांबून नुसता घरघरू लागला तरी पहार वरखाली होत होती. प्रणिता आतून धावत आली आणि त्याच्यावर पालथी पडली. अनिमेष थांबला नाही. पहार तिच्या हातावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात सुमनबाईंना ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा. त्या बाहेर येईपर्यंत आणखी एक घाव तिच्या खांद्यावर बसला होता.

सुमनबाईंनी मागून त्याची कंबर धरली. त्याने कोपर मारलं, त्यांच्या नाकातून रक्त आलं, तरी त्या लोंबकळत राहिल्या. शेजारचे दोघंतिघं भिंतीवरून उड्या मारून आले तेव्हा कुठे पहार सुटली. आणि सुटली तसा तोही कोसळला. अंग तव्यासारखं भाजत होतं, छाती इतकी उडत होती की शर्टाची बटणं हलताना दिसत होती, आणि तोंडाने बडबड चालू, कुणीतरी मला मारायला येतंय म्हणून. हॉस्पिटलात त्याने एका वॉर्डबॉयच्या हाताचा चावा घेतला. शेवटी त्याचे हातपाय पलंगाला पट्ट्यांनी बांधले. एका मजल्यावर तो, खालच्या मजल्यावर प्लास्टर घातलेली प्रणिता, आणि दोघांच्या मधल्या जिन्यात नाकाला फडकं लावून बसलेल्या सुमनबाई. हे असं घर झालं होतं त्यांचं.

खंड्याला शेजाऱ्यांनी चादरीत घालून मीनाक्षीकडे नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुमनबाई तिथे गेल्या तेव्हा तिने टाके घातलेले होते आणि रक्तही तपासलेलं होतं.

"काकू, याच्या गोळ्या बंद केल्यात का?" तिने विचारलं. "रक्तात जवळजवळ काहीच उतरलेलं नाही. असा औषधावाचून ठेवलेला कुत्रा चावणार नाही तर काय करणार?"

सुमनबाईंनी तिला सगळं सांगितलं. लिंबू-मध सांगितला, दोन चमचे सांगितले, वजनाचं गणित सांगितलं. त्या अजून त्याच भाबडेपणाने बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांना मीनाक्षीचा चेहरा दिसला.

"अहो, तुमची आणि खंड्याची ग्रंथी सुस्त आहे," ती म्हणाली. "कमी पडतं म्हणून आपण वरून देतो. अनिमेषची आधीच सुसाट सुटलेली होती. त्याला ती आवरायची गोळी दिली होती डॉक्टरांनी. आणि तुम्ही त्याला कुत्र्याच्या डोसात आणखी वाढवायची गोळी दिलीत. काकू, तुम्ही पेटल्या घरावर रॉकेल ओतत होतात." आणि तिने त्यांच्या उत्तराची वाट न बघता अनिमेषच्या हॉस्पिटलात फोन लावला.

त्या फोनने अनिमेषला वाचवलं. त्यालाच नव्हे, सुमनबाईंनाही वाचवलं म्हणायचं, कारण आता त्यांना पक्कं ठाऊक झालं की दोष कुणाचा. माणूस इतकं मोठं पाप डोक्यावर घेऊन हलका कसा होईल? त्या झाल्या. हॉस्पिटलचा जिना चढताना त्यांचे पाय भराभर पडत होते.

प्रणिताच्या पलंगाशी शर्वरी बसली होती. सुमनबाईंनी सरळ जाऊन सुनेचे पाय धरले. प्रणिताने पाय झटकन आखडून घेतले. सासूने सुनेचे पाय धरायचे, हे कुठल्या घरात झालंय?

"हा हात त्याने मोडला नाही, मी मोडला," सुमनबाई म्हणाल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "मला काय शिक्षा द्यायची ती दे. पण त्याला टाकू नकोस. तो बरा झाला की तुला दिसेल, तो असा नाही."

शर्वरीने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "गोळी तुमची होती काकू. हात कुणाचा होता?"

"हात त्याचा. पण त्याच्या ताब्यात नव्हता."

"आणि पोह्यांच्या दिवशी?"

"तेव्हाही आजारच होता. रिपोर्टच सांगतो ना."

प्रणिता छताकडे बघत होती. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "आई, डॉक्टर त्यांना बरं म्हणेपर्यंत मी थांबते. आजारी माणसाला सोडून गेले असं मला वाटायला नको. पण त्यानंतर एक चापट जरी मारली..."

"तर मी स्वतः तुला या घराबाहेर काढीन," सुमनबाई म्हणाल्या. "माझ्या हाताने काढीन."

शर्वरी हसली नाही की रडली नाही. "बघू," म्हणाली.

आणि खरंच की हो, अनिमेष सुधारला. सुमनबाई त्याला समोर बसवून गोळी द्यायच्या आणि तोंड उघडायला लावायच्या. हाताची थरथर गेली. अन्न अंगी लागायला लागलं, गालावर मांस चढलं. जयपूरचा उन्हाळा आला, सगळं गाव घामाघूम झालं आणि हा मात्र निवांत. प्रणिताची पाण्याची बाटली भरून द्यायचा. तिचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तिच्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "ते मी नव्हतो. तुला माहीत आहे ना, ते मी नव्हतोच." प्रणिताने मान हलवली. कोचिंगमध्ये तर त्याने त्याची गंमतच करून टाकली, आमच्या आईने मला कुत्र्याच्या गोळ्या चारल्या, भुंकलो नाही हेच नशीब. शिक्षकांच्या खोलीत हशा. घरी आलेल्या पाहुण्यांनाही तो हेच सांगायचा आणि सुमनबाई सगळ्यांच्या बरोबरीने हसायच्या. त्यांना बरं वाटायचं. आपल्यावर येतंय ना, येऊ दे. जितकं आपल्यावर येईल तितकं त्याच्यावरून उतरेल.

खंड्याही सावरला. मागचा एक पाय जन्माचा अधू झाला, पण माया परत आली. दूधवाला आला की लंगडत पुढे जायचा. फक्त अनिमेष ज्या खोलीत असेल त्या खोलीत तो पाऊल टाकायचा नाही. सुमनबाई म्हणायच्या, मुकं जनावर, त्याला कसं कळणार की हा आजार होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सगळे आकडे बघून पेन खाली ठेवलं. "एकदम नॉर्मल. आता फक्त बारकी गोळी चालू ठेवा. तुम्ही पूर्ण बरे आहात." सुमनबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं. खंड्यालासुद्धा चतकोर पोळी दिली, जी त्याला द्यायची नसते.

त्यानंतरचा रविवार. जेवणं झाली होती. अनिमेष टेबलाशी आंबा खात होता, प्रणिता ओटा पुसत होती आणि सुमनबाई दारात बसून मेथी निवडत होत्या. प्रणिता सहज म्हणाली, "जगतपुऱ्याच्या एका शाळेत जागा आहे, पहिली-दुसरीच्या वर्गांना. मी हो म्हटलंय. उद्यापासून जायचंय."

अनिमेषने कोय चोखून बशीत ठेवली. "कधी विचारलंस मला?"

"विचारायचं काय त्यात? सांगतेय ना."

त्याचा आवाज चढला नाही. चेहराही लाल झाला नाही. तो उठला, नळाखाली हात धुतले, साबण लावून धुतले, टॉवेलला पुसले. मग त्याने ओट्यावरची खिडकी लावून घेतली. त्या खिडकीसमोर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे. खालची कडी घातली, वरचीही घातली. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढवून आला. येता येता मागचं दार लोटलं, कुत्रा मध्ये यायला नको. सुमनबाई हातात मेथीची काडी धरून हे सगळं बघत होत्या. खिडकी लावणारा पुरुष त्यांनी उभा जन्म बघितला होता. त्यांच्या अंगावर काटा आला तो तेव्हा, अजून काहीच घडलेलं नसताना.

अनिमेषने प्रणिताचा हात धरला, तोच, मोडून जोडलेला, आणि पाठीमागे पिळला. ती वाकली तेव्हा दुसऱ्या मुठीने तिच्या पोटात मारलं. एकदा. ती श्वास घ्यायला तडफडत वर आली, तेव्हा पुन्हा, त्याच जागी. चेहऱ्याला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. सोमवारी शाळेत बायका चेहरा बघतात, पोट कोण बघतं. तिसऱ्यांदा मारताना तो जरा थांबला, बरगडी चुकवून नेमकी जागा धरली आणि मग मारलं. प्रणिता ओट्याला धरून खाली घसरली आणि तिला तिथेच उलटी झाली.

त्याने माठातून पाणी घेतलं. पेलाभर प्यायला. मग सुमनबाईंकडे वळून म्हणाला, "आई, तू परत माझ्या पाण्यात काही घातलंस का गं?"

तो हसत होता. थोडंसंच, ओठाच्या एका कडेला. पाहुण्यांना गंमत सांगताना हसायचा तसं.

हॉस्पिटलातून आल्यापासून सुमनबाई रोज त्याची नाडी बघायच्या. सवयच लागली होती. त्या उठल्या आणि त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं. त्यानेही कौतुकाने घेऊ दिलं. नाडी संथ होती. तळहात कोरडा होता. बोटं ताठ धरायला सांगितली तर त्याने धरली, एक बोट हललं नाही. निरोगी, धट्टाकट्टा, स्वतःच्या पूर्ण ताब्यातला हात. त्यांनीच निगुतीने बरा केलेला. आता दोष कुठे ठेवायचा? ठेवायला जागाच उरली नव्हती.

"नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "मी काही घातलं नाही."

त्यांनी मनगट सोडलं. पुढे होऊन खिडकीची वरची कडी काढली, खालची काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली. समोरच्या घरातली बाई भांडी घासता घासता बघू लागली. सुमनबाईंनी कनवटीचा फोन काढला आणि शर्वरीला लावला. अनिमेषला आधी कळलं नाही. कळलं तसा तो दोन ढांगांत आला, त्यांचा अंबाडा मुठीत धरला आणि मान मागे खेचली. सुमनबाईंचा घसा ताणला गेला. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता.

"काय झालं काकू?" शर्वरी विचारत होती. "आवाज असा काय येतोय? त्याचं थायरॉइड परत वाढलंय का?"

"नाही गं," सुमनबाई म्हणाल्या. केस उपटले जात होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी वाक्य पुरं केलं. "तो पूर्ण बरा आहे. म्हणूनच म्हणते, सुभेदारांना घेऊन आत्ताच्या आत्ता ये."